गुलाबी फेस

बेसिनमध्ये नणंदेचे केस रेशमासारखे सुळसुळले आणि वहिनीने चटकन नळ सोडला. पार्लर तिचं, हात तिचा, आणि चूकही तिचीच! केस सरळ करायचं क्रीम धुतल्यावर आधी त्याचा असर थांबवणारा शाम्पू लावायचा, मगच कंडिशनर. गप्पांच्या नादात तिने कंडिशनर आधी फासलं होतं. त्याच्या आड राहिलेलं क्रीम आता केस खात बसलं असणार.

तिने घाईघाईने शाम्पूच्या नव्या बाटलीचं सील तोडलं. फेस भडक गुलाबी झाला. क्रीम अजून आत आहे, हे सांगणारा तो रंग.

"अय्या, काय गोड दिसतोय!" कपाळावर ओघळलेला फेस बोटावर घेत नणंद म्हणाली.

"हात लावू नकोस!" वहिनी ओरडलीच. पुन्हा धुतलं, पुन्हा शाम्पू. फिकट गुलाबी. बोटांत दोन केस अडकले तरी ती ते उजेडात धरून तुटलेत का पाहत होती. पुढच्या खेपेला फेस पांढराशुभ्र आला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

"सकाळी आईचे केलेस, तेव्हा नव्हता गं हा एवढा खटाटोप," नणंद म्हणाली. "क्रीम धुतलंस, कंडिशनर लावलंस, झालं."

वहिनीने सील तुटलेल्या बाटलीकडे पाहिलं.

"डोकं चुरचुरतंय म्हणत होती आई," नणंद म्हणाली. " मी म्हटलं, होतं तसं पहिल्यांदा. जरा झोप."