अडीअडचणीचं कपाट

पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी एकवीस वर्षं स्टोअरकीपर आहे. माझ्याकडून साधा वायसर न्यायचा तरी फोरमनलासुद्धा मला चिठ्ठी द्यावी लागते. त्यामुळे घरात संकटकाळासाठी शिधा भरून ठेवायचं मी ठरवलं, तेव्हा त्यात आपलं काही चुकेल असं मला वाटलंच नाही. चुकणारी माणसं वेगळी असतात, अशी माझी समजूत होती.

आमची वसाहत नदीच्या अलीकडे आणि बाजार पलीकडे. मध्ये एकच पूल, तोही म्हातारा. मी एक लोखंडी कपाट आणून न्हाणीघराजवळच्या बोळात उभं केलं. त्यात दहा किलो पीठ, बारा किलो कडधान्यं, तेलाचा डबा, साखर, बिस्किटांचे पुडे आणि काड्यापेट्या रचल्या. जागा उरली म्हणून अंगाचे साबणही ठेवले. कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"अहो, हे वापरायचं कधी?" बायकोने विचारलं.

"संकट आल्यावर."

"आणि नाहीच आलं तर पिठाचं काय?"

मी नुसता हसलो. कारखान्यात नवशिक्याला हसतो तसा.

पुढे एकदा तिचा भाऊ आला, तेव्हा चहाच्या डब्याजवळ साखर दिसेना. तिने किल्ली मागितली. "तुझा भाऊ म्हणजे काही संकट नव्हे," मी बाणेदारपणे म्हणालो. मेहुण्याबद्दल मी काढलेले हे पहिलेच चांगले उद्गार. दहा मिनिटांनी चहा आला. गोड होता. साखर कुठून आली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

अडीच वर्षांनी नदीला मोठा पूर आला आणि पूल बंद झाला. त्याच दुपारी वीजही गेली. खरं सांगतो, मला आनंद झाला. मी इस्त्रीचा सदरा घातला, बायकोला आणि मुलीला बोळात बोलावलं. शेजारचे पोस्टमनकाका नेहमी माझ्या कपाटाची थट्टा करायचे, म्हणून त्यांनाही मुद्दाम हाक मारली.

किल्ली फिरेना. न्हाणीघराच्या दमट हवेने कुलूप गंजलं होतं.

"थोडं तेल घाला," काका म्हणाले.

"तेल आत आहे," मी म्हणालो.

मुलीने शिवणयंत्राचं तेल आणलं. दार उघडलं आणि आतून पिठातली चार-पाच पाखरं भुर्रकन काकांच्या चष्म्यावर गेली. पिठाला जाळी धरली होती. तेल खवट झालं होतं. काड्यापेट्या सादळल्या होत्या. मुलीने बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला आणि विचारात पडली.

"बाबा, हे बिस्कीट आहे की साबण?"

"कडधान्यं चांगली आहेत!" मी म्हणालो. ती होतीही चांगली, दिसायला. रात्रभर भिजवली, सकाळी कुकरला लावली. दीड तास गॅस जळला. दाणे जसेच्या तसे, गोट्यांसारखे. बायकोने एक दाणा चावून पाहिला आणि गॅस बंद केला.

"गणंग," ती म्हणाली. न शिजणाऱ्या दाण्याला हाच शब्द आहे आणि कामातून गेलेल्या माणसालाही. ती बोलताना कुकरकडे बघत नव्हती.

त्यात पंप बंद म्हणून टाकी कोरडी पडली. पाणी साठवायचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन पातेली त्या गोट्यांसाठी आधीच ओतली होती.

"आता काय करायचं गं?" मी पहिल्यांदाच विचारलं.

तिने स्वयंपाकघराचं कपाट उघडलं. तांदळाच्या डब्यामागे तांदळाचा दुसरा डबा होता. डाळीमागे डाळ, साखरेमागे साखर. पलीकडे दूधपावडर. ओट्याखाली झाकण लावलेल्या पाण्याच्या कळश्या आणि बादल्या, पुराची बातमी ऐकल्याबरोबर भरून ठेवलेल्या.

"हे कधी केलंस?"

"रोजच करते. एक डबा उघडला की दुसरा आणायचा. नवा मागे, जुना पुढे."

'आधी आलेला माल आधी द्यावा' असं माझ्या स्टोअरच्या भिंतीवर लाल अक्षरात लिहिलंय. रंगवलंय मीच.

पाच दिवस आम्ही तिच्या त्या दुसऱ्या डब्यांवर जेवलो. काकाही आमच्याकडेच जेवायचे आणि दर घासाला माझ्याकडे बघून खूश व्हायचे. मला काम मिळालं ते कोपऱ्यावरच्या हातपंपावरून पाणी आणायचं. त्यात मात्र मी वाखाणण्यासारखी कामगिरी केली. जिन्यात दोनदाच सांडलं.

सहाव्या दिवशी पायी जाणाऱ्यांसाठी पूल उघडला. आम्ही दोघं बाजारात गेलो. दुकानात मी सवयीने एक मोठा बंद डबा उचलला. कसल्याशा परदेशी भाजीचा होता.

"एरवी खातो का आपण हे?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग संकटात कोण खाईल?"

मी डबा जागेवर ठेवला. तिने जेवढं संपलं होतं तेवढंच घेतलं, प्रत्येक पुडा उलटा करून तारीख वाचली. दुकानदाराने भरलेल्या दोन्ही पिशव्या पुढे केल्या.

"यांच्याकडे द्या," ती म्हणाली. "उचलायला चांगले आहेत."