छावणीच्या माळावरची अन्नपूर्णा

मित्रांनो, आधी मला या भिंतीला नीट टेकू द्या, मग सांगतो. मी एक जुना मेटल डिटेक्टर आहे. खाली ताटलीएवढं गोल तोंड, वर दांडा, दांड्यावर एक डबी आणि डबीच्या पोटात सेल. जमिनीखाली धातू असला की मी ओरडतो. जन्मभर एवढंच केलं आणि आता ओरडून ओरडून दमलो आहे.

मला बनवणाऱ्यांनी खोक्यावर सोन्याच्या मोहरा छापल्या होत्या. माझ्या वाट्याला आली बिअरच्या बाटल्यांची झाकणं. माझे पहिले मालक एक डच आजोबा होते. शेतकऱ्याला विचारून ते मला बटाट्याच्या शेतात हिंडवायचे. एकदा जुनं नाणं सापडलं, तेव्हा त्यांनी माझा दांडा थोपटला होता. आजोबा गेले आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात धूळ खात पडलो. तिथून मला नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावात राहणाऱ्या शामलाने घरी आणलं.

तिला मोहरा नको होत्या. तिला तिची अन्नपूर्णा हवी होती. लग्नात आईने दिलेली, अंगठ्याएवढी पितळेची मूर्ती. ती आई आता राहिली नव्हती. गणपतीनंतर देवघर आवरताना मूर्ती ताम्हनातल्या फुलांत राहिली आणि तिच्या नवऱ्याने, श्रीधरने, फुलांबरोबर तिलाही निर्माल्याच्या पिशवीत भरलं. खेमेंतेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हिरव्या डब्यात निर्माल्य टाकायला त्याचा जीव होईना. म्हणून हा भला माणूस गावाबाहेरच्या माळावर गेला, एका बर्चच्या झाडाच्या मुळाशी सगळं पुरलं आणि नमस्कार करून घरी आला. जागा फार शांत होती म्हणे. असणारच, तो माळ लष्करी छावणीचा होता. रविवारी फिरायला हरकत नाही, पण खणायला सक्त मनाई, असं पाटीवर लिहिलं होतं. श्रीधरने अर्धीच पाटी वाचली होती.

"गुपचूप जाऊन उकरू या का?" त्याने एकदा विचारलं.

"एकदा न विचारता खणलंस, तेवढं पुरे झालं," शामला म्हणाली.

मग परवानगीचा खेळ सुरू झाला. खेमेंते म्हणाली, जमीन आमची नाही. संरक्षण खात्याने कळवलं, मातीत जुना दारूगोळा असतो, डिटेक्टर चालणार नाही. शामलाने पुन्हा ईमेल केली, पुन्हा नकार आला. मी कोपऱ्यात उभा राहून सगळं ऐकत होतो. काम करून जेवढा शिणलो नव्हतो, तेवढा वाट पाहून शिणलो.

एक दिवस छावणीतून एका सार्जंट बाईंचा फोन आला. बोलणं इंग्रजीत झालं.

"वस्तू मौल्यवान आहे का?"

"पितळेची आहे," शामला म्हणाली.

"बाई, आमच्या माळावर पितळच पितळ आहे. रिकामी काडतुसं."

"त्यातलं एवढंसं माझ्या आईचं आहे."

मग बाई म्हणाल्या, "मी वर विचारून बघते."

फाल्गुनात परवानगी आली. एकच सकाळ, सार्जंट बाईंच्या देखत, त्या बर्चच्या झाडांपाशी आणि वीतभरच खोल. नेमकं झाड कुठलं, ते श्रीधरला आठवत नव्हतं.

आणि त्या सकाळी मी चालूच झालो नाही. हिवाळाभर पोटात राहिलेले सेल पाझरले होते, आत हिरवट गंज धरला होता. "शिट, सेल काढायचे राहिले!" श्रीधर म्हणाला. शामला मटकन खाली बसली. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्रीधरने सायकलच्या किल्लीने गंज खरवडला. सार्जंट बाईंनी आपल्या टॉर्चमधले सेल काढून दिले. खरखरत का होईना, मी बोललो.

ओरडलो की काडतूस निघायचं. पुन्हा ओरडलो, पुन्हा काडतूस. मूर्तीचं पितळ आणि काडतुसाचं पितळ मला सारखंच ऐकू येतं. मी तरी काय करणार? काडतुसांचा ढीग झाला, सार्जंट बाई घड्याळाकडे बघू लागल्या. तेवढ्यात शामलाच्या बोटांना भुसभुशीत माती लागली आणि त्या मातीत एक विटका लाल दोरा.

"श्रीधर, हा आपल्या पूजेचा दोरा. डिटेक्टर इकडे आण!"

त्यांनी मला तिथे धरलं आणि मी असेल नसेल तेवढा जीव एकवटून ओरडलो. मातीने भरलेली अन्नपूर्णा तिच्या तळहातावर आली.

"ही कोण?" सार्जंट बाईंनी विचारलं.

"जेवायला वाढणारी देवी. आई म्हणाली होती, ही बरोबर ने, परक्या देशात उपाशी राहू नकोस." एवढं बोलून शामला रडायला लागली.

घरी आल्यावर अन्नपूर्णा देवघरात तांदळाच्या वाटीत बसली. श्रीधरने मला शेडमध्ये ठेवून दार लावलं. माझं काम संपलं होतं आणि ते मला कळत होतं. मग दार पुन्हा उघडलं. शामला आली, तिने माझी डबी उघडली, सेल काढून घेतले आणि ज्या मऊ फडक्याने मूर्ती पुसली होती, त्यानेच माझं पोट पुसलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दमलेली वस्तू कोपऱ्यात ठेवायची तर खुशाल ठेवा, पण आधी तिचे सेल काढा. त्या रात्री माझं पोट रिकामं होतं आणि कितीतरी वर्षांनी मला स्वस्थ झोप लागली.