सरांची मान

माझा आवाज लहान. घरात दूध उतू गेलेलं आमच्या ह्यांना कळतं, पण मी मारलेली हाक कळत नाही. शाळेत मात्र त्याचा फायदाच झाला. बाईंचं ऐकायचं तर मुलांना गप्प बसावंच लागे. त्यांनी एकमेकांचंही ऐकावं म्हणून चर्चेच्या तासाला मी एक नियम घातला होता. आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरचा काय म्हणाला ते सांगायचं. त्याने मान डोलावली तरच पुढे जायचं. मध्येच तोंड घातलं, तर थोडा वेळ दाराबाहेर.

दाराबाहेरची जागा बहुधा रेडिओची. तिचं खरं नाव हजेरीपुरतं. “बाई, मी गप्पच होते, तोंड आपोआप सुरू झालं,” असं म्हणत ती स्वतःच बाहेर जाऊन उभी राहायची.

तास रंगू लागला होता. हजेरीलाही पुटपुटणारी मुलं आता उठून म्हणत, “तुझं पटलं नाही, पण कळलं.” आणि नेमकं तेव्हाच मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं.

“शेजारच्या वर्गातून गणिताच्या सरांची तक्रार आहे. फार गोंगाट होतो म्हणतात. हा तास गणिताच्या सरावाला देऊन टाकावा म्हणते.”

“एकदा येऊन बघा तरी,” मी म्हटलं. “मग खुशाल बंद करा.”

“बरं. शुक्रवारी येते. सरांनाही आणते.”

शुक्रवारी सकाळी जपाच्या नेमाला बसले तर मणी पुढे सरकत होते आणि मन वर्गातच घुटमळत होतं. शेवटी म्हटलं, देवा, तास तुझाच आहे, सांभाळायचा तर सांभाळ.

चर्चेचा विषय मुलांनीच फळ्यावर लिहून ठेवला होता: ‘हा तास बंद करावा का?’ मुख्याध्यापिकाबाई मागे बसल्या. उंचेपुरे सर पुढच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून कसेबसे मावले.

“पहिले तुम्ही, सर,” मी म्हटलं.

“तुमच्या तासाला मला शिकवता येत नाही. संपलं.”

“पण सर, आम्ही...” रेडिओ उसळली, जीभ चावली आणि मुकाट्याने बाहेर गेली.

वर्गातला वकील उठला. बापाचं किराणा दुकान, पण ह्याचा युक्तिवाद असा की सगळे त्याला वकीलच म्हणत. “सरांचं म्हणणं, आम्ही फार मोठ्याने बोलतो.”

“नाही,” सर म्हणाले.

“सरांना शांतता हवी आहे,” एक मुलगी म्हणाली.

“माझा वर्ग काय स्मशान आहे? नाही.”

“सरांना चर्चा म्हणजे टाईमपास वाटतो.”

“असं मी म्हणालोच नाही!”

सरांची मान काही हलेना. आणि ती हलल्याशिवाय मुलांना आपली बाजू मांडता येईना. मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्याच नियमाने माझा गळा धरला होता.

तेवढ्यात दारातून एक हात वर झाला.

“ये,” मी म्हटलं.

रेडिओ आत आली. “सर, रागावू नका हं. मी तुमच्या वर्गात नाही, पण तुमचे तास मी पुष्कळ ऐकलेत. बाहेर उभी असते ना! तुमचं दार उघडं असतं. तुम्ही फळ्याकडे वळलात की तुमची मुलं भिंतीला कान लावतात. इकडे कुणी गंमत केली की तिकडे तीच हसतात. तुम्ही विचारता, ‘काय झालं हसायला?’ कुणी सांगत नाही. तुम्हाला आवाजाचा त्रास नाही, सर. तुम्ही जीव तोडून शिकवता आणि मुलं आमचं ऐकतात, त्याचं वाईट वाटतं.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिच्या वतीने माफी मागावी म्हणून मी उठणार, तेवढ्यात त्यांची मान हलली. हळूच, पण हलली.

“डोलावली!” वकील ओरडला.

“आता माझं,” रेडिओ म्हणाली. “घरी मी तोंड उघडलं की आई म्हणते, पुरे गं बाई. इथे मला उत्तर द्यायचं तर आधी माझं पूर्ण ऐकावंच लागतं कुणालातरी. म्हणून तास हवा.”

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. नियम नियमच.

सर उभे राहिले. “हिला बडबडीला जागा हवी आहे.”

“नाही, सर.”

“मग... हिला उत्तर द्यायला आवडतं.”

“नाही, सर!” आता सगळा वर्गच म्हणाला. मागच्या बाकावरून मुख्याध्यापिकाबाईंचाही आवाज आल्यासारखा मला वाटला.

“थांबा, कुणी सांगू नका!” अडलेल्या गणितापुढे थांबावं तसे सर कपाळावर बोट टेकून उभे राहिले.

घंटा झाली. मुख्याध्यापिकाबाई हसू दाबत उठल्या. “सरांना हे जमेपर्यंत तास चालू राहू दे.”

“पुढच्या वेळी माझा वर्गच घेऊन येतो इथे,” सर म्हणाले. “भिंतीला कान लावण्यापेक्षा ते बरं.”

ते बाहेर पडले आणि रेडिओ त्यांच्या मागोमाग. व्हरांड्यातून दोघांचे आवाज येत राहिले.

“हिला घरी बोलू देत नाहीत.”

“जवळ आलात, सर. पण नाही.”