शंभर वर्षांचा हप्ता

धम्मदीनाने आयुष्यात कधी हप्ता चुकवला नव्हता. वादळ येवो, भूकंप येवो, ऑकलंडच्या मनुरेवा भागातलं त्यांचं भाड्याचं घर छपरासकट उडून समुद्रात पडो, महिन्याच्या वीस तारखेला तिच्या मोबाईलवरून क्रेडिट कार्डाचे पैसे जाणार म्हणजे जाणार. स्टेटमेंटवर 'मिनिमम' म्हणून जो आकडा यायचा तेवढे. एक सेंट कमी नाही की जास्त नाही. नागपुरात तिच्या वडिलांनी स्कूटरचे हप्ते असेच फेडले होते, सासूबाईंनी फ्लॅटचे असेच फेडले होते. बँक हप्ता सांगते, आपण भरायचा, एक दिवस तो संपतो. जगाची रीतच ती.

सहा वर्षं असं भरल्यावर फेब्रुवारीतल्या एका दुपारी, ईस्ट टामाकीतल्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत, तिने सहज बँकेला फोन लावला आणि विचारलं, "माझे हप्ते अजून किती राहिलेत?"

पलीकडच्या मुलीने आधी खातं उघडून बघितलं. मग म्हणाली, तसे हप्ते नसतात. मिनिमम भरलं की बहुतेक व्याजातच जातं. मूळ तेरा हजार दोनशे डॉलर जवळजवळ जागेवरच आहेत.

"मी असंच भरत राहिले तर कधी फिटेल?"

बटणं दाबल्याचा आवाज आला. "शंभरच्या वर."

"महिने?"

"वर्षं."

या गोष्टीत पुढे बरंच काही फुगलेलं आहे, पण हा आकडा नाही. वर्षाला एकवीस टक्के व्याज आणि दर महिन्याला उरलेल्याच्या दोन टक्के भरणा, हवं त्याने कागदावर मांडून बघावं.

संध्याकाळी घरी हे सांगितलं तर नवऱ्याच्या, मैत्रेयच्या हातातला चहा तसाच गार झाला. तो शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, दिवसभर लोकांची गणितं सोडवायचा, पण घरचं हे गणित त्यानेही कधी उघडून बघितलं नव्हतं. नऊ वर्षांच्या केतकीने मात्र लगेच बोटं मोजली. "मम्मी, देन आय विल बी लाइक, अ हंड्रेड अँड टेन."

"तू कशाला भरशील, बाळा?"

"यू विल बी डेड ना," केतकी म्हणाली आणि आंघोळीला गेली.

आता एवढं कर्ज झालं कशाने? जुगार नाही, दारू नाही. झालं ते बॅगांनी. दर दोन वर्षांनी नागपूरला जायचं आणि मोजून बेचाळीस नातेवाइकांसाठी काहीतरी न्यायचं. मानुका मध, मेरिनोचे मोजे, मेंढीच्या लोकरीचं क्रीम, चॉकलेटं. मागच्या खेपेला त्यांच्या बॅगा चढवल्यावर विमान शेपटीवर बसलं म्हणे, आणि पुढच्या रांगेत सहा रग्बीवाले नेऊन बसवले तेव्हा कुठे त्याचं नाक खाली आलं. सगळं कार्डावर. वर मैत्रेयने एकदा सेलमध्ये कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेतली होती, ती गॅरेजात होती. मैत्रेयला पोहता येत नाही.

धम्मदीना रात्रभर रडली नाही की मैत्रेयशी भांडलीही नाही. दुसऱ्या एका बँकेची योजना तिने शोधून काढली: कर्ज तिकडे हलवायचं, बारा महिने व्याज शून्य. पण पुढच्या फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला जे शिल्लक राहील त्यावर पुन्हा तेच एकवीस टक्के. म्हणजे महिन्याला अकराशे डॉलर, बारा वेळा, बिनचूक. आणि पुढच्या फेब्रुवारीतच मैत्रेयच्या धाकट्या भावाचं, आर्यनचं लग्न होतं, नागपूरला.

"जमेल?" मैत्रेयने विचारलं.

"गोदामात वर्षाला चाळीस हजार खोकी मोजते मी. माझं घर मला मोजता येऊ नये?"

त्या रविवारी तिने घराच्या दाराला कागद चिकटवला: आज स्टॉकटेक, घर बंद. गोदामात जसं करतात तसंच. प्रत्येक कपाट रिकामं करायचं, प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, मोजायची, नारिंगी स्टिकर लावायचा, जुनं पुढे आणि नवं मागे ठेवायचं. केतकीच्या हातात क्लिपबोर्ड, मैत्रेय शिडीवर.

काय काय निघालं म्हणून सांगावं. अकरा किलो पोहे. चौदा किलो तूरडाळ, कारण प्रत्येक वेळी इंडियन दुकानात स्वस्ताईचा 'स्पेशल' लागला की दोघांनाही वाटायचं, घरातली संपली असेल. हिंगाच्या सात डब्या. आणि अगदी मागे साबुदाण्याची एक पिशवी, तिच्यावरची किंमत बघून वाटावं की न्यूझीलंडला पहिलं जहाज लागलं तेव्हाच ती उतरली असावी. गॅरेजातून दोन ब्रेड मशीन, एक तंबू, कयाक.

शेवटी तिने पर्समधून क्रेडिट कार्ड काढलं. गोदामात खराब माल आला की त्याला लाल पट्टी लावतात, 'होल्ड', आणि सुपरवायझरच्या सहीशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही. तशी लाल पट्टी तिने कार्डाला गुंडाळली आणि ते फ्रिजच्या वर ठेवलं.

"सुपरवायझर कोण?" मैत्रेयने शिडीवरून विचारलं.

"तुम्ही नाही," ती म्हणाली.

मग सुरू झालं पोह्यांचं राज्य. कांदेपोहे, दडपे पोहे, पोह्यांचे कटलेट, पोह्यांची खीर. दहा आठवडे दूध आणि भाजी सोडून घरात काही विकत आलं नाही. केतकी डबा उघडायची आणि म्हणायची, "पोहा अगेन." पण तिच्या वर्गातल्या एका सामोअन मुलीला ते कटलेट इतके आवडले की एका कटलेटला दोन केळी असा भाव फुटला. जूनपर्यंत केतकी शाळेत फळांची मोठी व्यापारी झाली होती. मैत्रेय आधी रोज अठरा डॉलरचं जेवण बाहेर जेवायचा. आता डबा न्यायला लागला, तर फोडणीच्या वासाने सातव्या मजल्यावरचे लोक जिन्याने खाली यायचे, आणि आग लागल्याचा अलार्म एकदाच वाजला. कोपऱ्यावरच्या डेअरीचा, म्हणजे तिथल्या छोट्या किराणा दुकानाचा, मालक बिचारा एक दिवस दारात येऊन उभा राहिला, तुम्ही घर बदललं का विचारायला. खिम्याचे पॅटिस आणि थंड पेयांच्या बाटल्या न्यायला तीन महिन्यांत कुणी फिरकलं नव्हतं.

केतकीचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, जुन्या कपड्यांच्या दुकानातून आले. दुसरी गाडी विकली, त्यातून लग्नाची तिकिटं काढली आणि मैत्रेय ट्रेनने जायला लागला. कयाक न्यायला एक आजोबा आले, माओरी पद्धतीने नमस्कार म्हणून कियाओरा म्हणाले, कयाकला थोपटलं आणि विचारलं, ही पाण्यात कशी चालते? मैत्रेय म्हणाला, "अजून गेली नाही." आजोबांनी वीस डॉलर जास्त दिले, कोरी आहे म्हणून.

आणि दर महिन्याला अकराशे गेले. जुलैत फ्रिज बंद पडला तेव्हाही गेले. धम्मदीनाने आठ शनिवार जादा पाळ्या केल्या, थंडीत पहाटे चारला उठून, मोज्यांवर मोजे चढवून. तिच्याकडे बघून तिच्या हाताखालची माणसंही शनिवारी यायला लागली. ही बाई अशी चालायची म्हणे की फोर्कलिफ्ट तिला वाट द्यायच्या.

जानेवारी उजाडला. दोन भरणे उरले. बावीसशे डॉलर, पगारात बसत होते, वर फार काही उरत नव्हतं. आणि एका संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आशालताकाकूंची यादी आली. या मैत्रेयच्या सख्ख्या काकू. बेचाळीस नावं, प्रत्येकापुढे काय हवं ते, मोज्यांची मापंही. खाली लिहिलं होतं, 'लग्नघर आहे, या वेळी जरा बरं आणा.'

मैत्रेयने हिशोब केला. चोवीसशे. त्याने फ्रिजकडे बघितलं.

"एकदाच," तो म्हणाला. "आईची मान खाली जाईल गं. घरचं शेवटचं लग्न. परत आलो की मिनिमम भरत भरत…"

धम्मदीनाने टेबलावरचा फोन उचलला.

"मी आईंना फोन करते."

"आणि काय सांगणार?"

"खरं."

कमलाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, पोस्टात बचत खात्याच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढली होती. अख्ख्या कॉलनीत त्या सांगायच्या, माझा मुलगा-सून फॉरेनला. दर वेळी त्या चार बॅगा रिक्षातून उतरायच्या तेव्हा त्या मुद्दाम गेटाशी उभ्या राहायच्या, हे धम्मदीनाला माहीत होतं. तिने फोन लावला. कार्ड, हप्ता, शंभर वर्षं, पोहे, सगळं तिने एका दमात सांगितलं. "आई, या वेळी मी काही आणू शकत नाही. आणलं तर फिटणार नाही. लोक तुम्हाला बोलतील."

पलीकडून लगेच प्रश्न आला.

"टक्का किती म्हणालीस?"

"एकवीस."

"अगं बाप्पा," कमलाबाई म्हणाल्या. "आणि मिनिममला तू हप्ता समजत होतीस."

"हो."

"आणि हा माझा इंजिनिअर?"

"तेही तेच समजत होते."

"दे त्याला फोन. नको, राहू दे, त्याला नंतर बघते. तू थांब जरा."

कपाटाचं दार करकरलं. मग पलंगाखालची पेटी ओढल्याचा आवाज आला, मग काचेवर काच आपटल्याचा. बऱ्याच वेळाने त्या परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"मधाच्या बाटल्या एकतीस. मोजे तेवीस जोड. क्रीम सोळा. नागपूरच्या उन्हात लोकरीचे मोजे कोण घालणार होतं, सूनबाई?"

धम्मदीनाला कळेचना. "पण आई, हे तर आम्ही सगळ्यांना वाटलं होतं."

"वाटलं होतंस. मग त्यांनी पुढे वाटलं. काकूने विहिणीला दिलं, विहिणीने अमरावतीला नणंदेला दिलं, नणंदेने चंद्रपूरला बारशात दिलं, आणि फिरत फिरत प्रत्येक कार्यात माझ्याच ओटीत परत आलं. फॉरेनची वस्तू, कुणाची फोडायची हिंमत होत नाही. तुझ्या त्या बाटल्यांनी विदर्भ माझ्याहून जास्त बघितलाय."

धम्मदीना हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

"रडू नकोस. सांग, कसं मोजायचं असतं तुमच्या गोदामात?"

दोन रविवार दोघींनी व्हिडिओ कॉलवर स्टॉकटेक केला. "आई, तारीख बघा, जुनं पुढे काढा. क्रीमचा वास घेऊन बघा." चार क्रीमं बाद झाली. मधाला काही होत नाही. मग प्रत्येक वस्तू कुठून आली ते कमलाबाई आठवून सांगायच्या, आणि धम्मदीना यादीत लिहायची, म्हणजे ज्याची वस्तू त्यालाच परत जायला नको. एकतीस वर्षांची पोस्टातली बाई, कुठलं पाकीट कुणाच्या घरून आलं ते विसरते होय. नव्या चकचकीत कागदात सगळं बांधलं गेलं आणि बेचाळीस पुडे तयार झाले.

ऑकलंडच्या विमानतळावर तिघांची मिळून एक बॅग होती, नऊ किलोची. काउंटरवरच्या बाईने काटा बिघडला असं समजून तो दोनदा थोपटला.

लग्नघरी पुडे वाटले गेले. फक्त एका ठिकाणी गडबड झाली. आशालताकाकूंचा पुडा घाईत बदलला आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनीच विहिणीला दिलेली बाटली त्यांच्याच हातात आली. धम्मदीना तो बदलून द्यायला पुढे झाली. काकूंनी कागद फाडला, बाटली उजेडात धरली, झाकण उघडून बोट बुडवलं. बोट बराच वेळ तोंडात होतं.

"हा खरा मध," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळचा असा नव्हता."

"तिला म्हटलंच होतं मी," कमलाबाई म्हणाल्या, "या वेळी जरा बरं आण."

लग्नाच्या आदल्या दिवशी, बुधवारी, अंगणात हळदीची तयारी चालली होती. धम्मदीना भिंतीला टेकून फोन घेऊन बसली. तिकडचा पगार जमा झाला होता. शेवटच्या अकराशेतले उरलेले तीनशे सत्त्याऐंशी डॉलर. तिने आकडा टाकला, तपासला, परत तपासला आणि बटण दाबलं. थोडा वेळ ते लोडिंगचं चक्र गोल फिरत राहिलं. मग पडद्यावर एकच शून्य आलं, आणि त्याच्यामागे आणखी दोन शून्यं.

कमलाबाई शेजारी येऊन बसल्या. हळदीचे हात पदराला पुसून त्यांनी चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. पोस्टातल्या पासबुकासारखा, लांब धरून, वरपासून खालपर्यंत वाचला. सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

आशालताकाकू मागून वाकून बघत होत्याच.

"काय गं बाई," त्या म्हणाल्या, "एवढी फॉरेनला राहते आणि खात्यात काहीच नाही?"

"काहीच नाही," कमलाबाई म्हणाल्या. "एवढं कमवायला वर्ष लागलं तिला."