उस्तादांचा हात आणि पिवळा दिवा

रविवारी सकाळी गल्लीत सात जुन्या गाड्या एकामागे एक उभ्या होत्या आणि बघ्यांची ही झुंबड. सगळ्यांचे डोळे उस्तादांच्या उजव्या हातावर. इंजिन सुरू असलेल्या शिंपीकाकांच्या गाडीच्या बॉनेटवर उस्तादांनी तळवा टेकला आणि डोळे मिटले.

"गाडी म्हणजे नुसतं लोखंड नव्हे, काका. तिलाही नाडी असते. जरा रुसलीय. हं... उतरतोय, ताप उतरतोय!"

स्टिअरिंगपुढे दोन महिने पेटून राहिलेला इंजिनाचा पिवळा दिवा बघता बघता विझला. "गेला! गेला!" शिंपीकाका घरातून साप निघून गेल्यासारखे ओरडले. टाळ्या कडाडल्या. लोखंडाला नाडी कुठे असते, हे विचारायचं काम प्रत्येकाने शेजारच्यावर सोडलं होतं.

पायरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या वहिनींनी मात्र टाळी वाजवली नाही. या उस्तादांच्या बायको. आलेल्या गाड्यांची यादी करतात, असं गल्लीला वाटे. यादी कसली? दिवा त्यांनीच विझवला होता, एक कळ दाबून.

तीस वर्षं उस्तादांनी नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखले. मग कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्या, गिऱ्हाईक पडदा बघून गॅरेज निवडू लागलं आणि उस्तादांच्या गॅरेजला कुलूप लागलं. ते घरी भिंतीकडे तोंड करून बसू लागले. कॉम्प्युटरचं नाव काढलं तरी भरल्या ताटावरून उठत. म्हणून वहिनी गुपचूप शिकल्या. गाडीत स्टिअरिंगखाली एक खाच असते. तिच्यात अंगठ्याएवढं बिनतारी यंत्र खोचायचं, की गाडीने नोंदवलेला बिघाड लॅपटॉपवर वाचता येतो. नोंद पुसताही येते, आणि नोंद पुसली की दिवा विझतो.

चार महिन्यांपूर्वी वहिनी खिडकीत बसून स्वतःच्याच गाडीची नोंद पुसत होत्या. नेमके तेव्हाच खाली उस्ताद सुरू गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणत होते, "तूही रुसलीस का गं?" दिवा विझला. उस्ताद पोरासारखे धावत वर आले. "अगं, माझ्या हातात काहीतरी आहे!" वर्षभरात ते पहिल्यांदा हसले होते. वहिनींनी सांगायला तोंड उघडलं, त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. चूक तिथेच झाली. दुसऱ्या दिवशी उस्ताद शेजाऱ्याची गाडी घेऊन आले. तेव्हापासून प्रत्येक गाडी आतून फडक्याने पुसायच्या निमित्ताने वहिनी यंत्र खोचत आणि मागाहून पुन्हा पुसायच्या निमित्ताने काढून घेत. बिचाऱ्या उस्तादांना ती बायकोची टापटीप वाटे, आणि पुसलेल्या गाडीलाच आपला हात लागू पडतो, असंही.

आता नर्सबाईंची गाडी पुढे आली. मागच्या सीटवर उशीला टेकून त्यांचे म्हातारे वडील बसले होते.

"वहिनी, दिवा तिसऱ्यांदा लागला हो," नर्सबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "माझीच श्रद्धा कमी पडत असेल. आज वडिलांचं डायलिसिस आहे. डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात जायचंय. दिवा गेला की निघतेच."

वहिनी आतून फडकं फिरवत यंत्र खोचून पुन्हा पायरीवर येऊन बसल्या. पडद्यावर तीच ओळ होती: रेडिएटरच्या पंख्याचं सर्किट. दोनदा त्यांनीच पुसलेली. पंखा फिरला नाही तर भर चढणीला इंजिन उकळणार, गाडी बंद पडणार आणि म्हातारा माणूस रस्त्यात अडकणार. आणि ही बाई दोष देतेय स्वतःच्या श्रद्धेला.

उस्तादांनी हात ठेवला. दिवा जाईना. गर्दी पुढे झुकली. उस्तादांनी एक डोळा किलकिला केला. "अगं, नीट पुसलीस ना आतून?"

वहिनी उठल्या. "अहो, हात काढा. खिशात घाला दोन्ही."

"काय?"

"घाला म्हणते ना! सगळे जण दिव्याकडे बघा." त्यांनी कळ दाबली. कुणाचा हात नाही, मंत्र नाही, तरी दिवा विझला. "आता तापमानाचा काटा बघा. चढतोय. आणि इथे वाका, पुढच्या जाळीतून पंखा बघा. इंजिन एवढं तापलं तरी फिरत नाही. दिवा गेला, बिघाड जागच्या जागी आहे." त्यांनी स्टिअरिंगखालून यंत्र उपसून हातावर धरलं. "हा तुमचा चमत्कार."

"म्हणजे वहिनी, तुम्ही आम्हाला फसवलंत?" शिंपीकाकांचा आवाज चढला.

"हो. मीच. यांना काही माहीत नव्हतं. यांनाही मीच फसवलं. यांना हसताना बघायचं होतं म्हणून."

उस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बायकोकडे बघेनात. नर्सबाईंकडे वळून म्हणाले, "इंजिन बंद करा." बॉनेट उघडून त्यांनी पंख्याच्या तारेवरून बोटं फिरवली. "जोडावर गंज चढलाय." घासून, पुसून, घट्ट बसवून त्यांनी इंजिन पुन्हा सुरू करायला लावलं. काटा चढला आणि पंखा घरघरला. कुणीतरी टाळी वाजवली, तसे ते खेकसले, "टाळ्या कसल्या वाजवता? तार बघा! आणि बाई, वडिलांना आज टॅक्सीने न्या. ही मी आधी चालवून बघतो."

गर्दी पांगली. नळावर हात धुताना उस्ताद म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर?"

"पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला असतात."

"बसलो असतो. पण खरं कळून बसलो असतो."

वहिनींनी वही काढली आणि गल्लीला इतके दिवस वाटत होती ती यादी आता खरोखर केली. चार महिन्यांत विझवलेले एकतीस दिवे. वही घेऊन त्या निघाल्या, तेव्हा उस्ताद पान्ह्यांची पिशवी उचलून मागोमाग चालू लागले.

पहिलं दार उघडलं. "तुमच्या गाडीचा दिवा मी विझवला होता," वहिनी म्हणाल्या. "बिघाड आत तसाच आहे. तो तपासायला हे आलेत. आणि यापुढे कुणीही दिवा विझवून दाखवला, तर तो लागला कशाने आणि विझला कसा, एवढं विचारा. समोर मी असले तरी विचारा."