बावीसचा बार

तिने गोणपाट सोडलं आणि आतला लोखंडी बार वडिलांच्या हत्यारांच्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. पाने-पक्कड जागच्या जागी उडाले.

"हा बसवा."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. ते उघड्या बॉनेटखाली वाकून नवा ब्रेस आवळत होते. पुढच्या दोन्ही चाकांच्या वरचे खांब एकमेकांना जोडणारी ती आडवी पट्टी मुलीनेच मागितली होती, आणि तिला त्यांची ना नव्हती. ब्रेसने गाडीचं अंग घट्ट होतं; तो कुणाला खड्ड्यात फेकत नाही. मागच्या चाकांमध्ये आडवा बसणाऱ्या, वळणावर गाडीला कलू न देणाऱ्या या बाराचं तसं नव्हतं.

"तो मी घरी ठेवला होता," ते म्हणाले.

"मी घेऊन आले."

"अठराचा आहे ना खाली. काय वाईट आहे?"

"नाक बाहेर जातं, बाबा. कोपरावर मी स्टिअरिंग फिरवते आणि गाडी सरळच जाते. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेय."

कोपर म्हणजे चढाच्या रस्त्यावरचं सातवं वळण. दुमडलेल्या हातासारखं, म्हणून सगळे त्याला कोपर म्हणत. गेल्या वर्षीच्या शर्यतीत याच वळणावर, हाच बावीस मिलिमीटरचा बार खाली असताना, तिने ऐन वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला होता. मागे जाड बार असला की गाडी चटकन वळते, पण मध्येच पाय उचलला तर मागचं अंग झाडू मारल्यासारखं बाहेर येतं. ते आलं. गाडी कठडा तोडून खालच्या झुडपांत गेली आणि मुलीच्या तीन बरगड्या मोडल्या. गाडी दुरुस्त करताना मिस्त्रींनी कुणालाही न विचारता बारीक, अठराचा बार घातला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मिस्त्री तर साधं पाणी फुंकायला लागले होते.

शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. सकाळच्या सरावफेरीत ते खाली उभं राहून कान देऊन ऐकत होते. कोपरावर इंजिनाचा आवाज अर्ध्या श्वासापुरता खाली बसला होता. म्हणजे पोरगी अजून पाय उचलत होती आणि दोष गाडीला देत होती. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण 'तू घाबरतेस' हे लेकीला सांगायचं कुणी?

"बरं, बसवतो," ते म्हणाले. "अर्धा तास लागेल. तू काहीतरी खाऊन ये. दुसरी सरावफेरी झाली की बघू."

तिला हे इतक्या सहज मिळेल असं वाटलं नसावं. ती हसून गेली.

मिस्त्रींनी जॅक लावला, गाडीखाली सरकले, आणि नुसते पडून राहिले. डोळ्यांपुढे अठराचा बार होता. त्याला त्यांनी बोटही लावलं नाही. मधूनमधून पाना लोखंडावर वाजवत राहिले, न जाणो कुणी जवळून जात असेल. ज्यांच्या एका शब्दावर लोक डोळे मिटून गाडी पळवत, ते मिस्त्री साठीला येऊन चोरासारखे स्वतःच्याच लेकीच्या गाडीखाली लपले होते. त्यांना लाज वाटली, पण हिशेब पक्का वाटत होता. जाड बार बसला म्हटल्यावर तिच्या मनाला धीर येईल. आणि सवयीने पाय उचललाच, तर खाली बारीक बार आहे, तो सांभाळून घेईल. मग त्यांनी बावीसचा बार पुन्हा गोणपाटात गुंडाळला आणि जुना काढलेला असल्यासारखा टेम्पोत नेऊन ठेवला.

"झालं?" तिने हेल्मेट चढवत विचारलं.

"झालं."

तिने पुढे एक अक्षर विचारलं नाही.

गाडी सुटली तेव्हा मिस्त्री वेळ नोंदवणाऱ्या माणसाशेजारी कुंपणाला टेकून उभे होते. पहिलं वळण, दुसरं. झाडांमुळे दिसत काहीच नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. चौथं वळण तिने फारच छान घेतलं. पाचव्यावर आवाज इतका मोकळा होता, की त्यांना वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

आणि सहाव्यावर त्यांना आपली चूक दिसली.

तिने पाय उचललाच नाही तर? जाड बाराच्या भरवशावर ती पाय दाबून ठेवेल, आणि गाडी वळणारच नाही. नाक सरळ कठड्याकडे जाईल. मिस्त्रींनी कुंपणाची तार धरली. ओरडून उपयोग नव्हता, तरी त्यांच्या तोंडून "अगं" एवढं निघालंच.

"काय झालं, मिस्त्री?" वेळ नोंदवणाऱ्याने विचारलं.

कोपर आलं. आवाज खाली बसला नाही. टायर किंचाळले, आणि ते किंचाळणं संपेचना. मिस्त्रींना बायकोचा गेल्या वर्षीचा चेहरा दिसला, दवाखान्याच्या बाकावरचा. मग टायर गप्प झाले आणि इंजिन आठव्या वळणाकडे चढू लागलं.

थोड्या वेळाने माथ्यावरून वॉकीटॉकीवर वेळ आली. "सकाळपेक्षा पावणेदोन सेकंद कमी!" शेजारचा माणूस नाचायचाच बाकी होता. "काय जादू केलीत हो?"

मिस्त्री तिथेच एका जुन्या टायरवर बसले.

ती खाली आली, हेल्मेट काढलं आणि सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पाय उचलला नाही मी."

"ऐकलं."

"तरी नाक बाहेर गेलंच. कठडा एवढा राहिला होता." तिने वीतभर अंतर दाखवलं. "बार बदललाच नाहीत तुम्ही."

"तुला धीर यावा म्हणून, पोरी. सकाळी तू कोपरावर पाय उचललास. मला वाटलं, घाबरतेस."

"गाडी वळत नव्हती, बाबा! नाक कठड्याकडे निघालेलं दिसत असताना पाय कोण दाबून ठेवेल? गेल्या वर्षी घाबरले होते, ती चूक माझी. सकाळी घाबरले नव्हते." तिने हातमोजे ओढून काढले. "आता दाबून ठेवला, कारण तुम्ही झालं म्हणालात."

इतकी वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्यांत दोष शोधले होते, आणि इथे काखेत कळसा होता.

"भीती मला वाटते," ते अखेर म्हणाले. "तुला नाही. मला."

ती वळली. टेम्पोकडे गेली, गोणपाट उचलून आणलं आणि त्यांच्या पायाशी ठेवलं. खऱ्या फेरीला तासभर होता.

या वेळी पाना नुसता वाजला नाही. जुना बार उतरला, नवा चढला, मिस्त्रींच्या कोपरापर्यंत काळं ग्रीस माखलं. ती बाजूला उकिडवी बसून मागतील ते हातात देत होती. दोघंही कामापुरतंच बोलत होते. त्यांनी एकेक नट आवळला, पुन्हा आवळला, आणि बाहेर सरकून कपाळ पुसलं.

"घट्ट आहे," ते म्हणाले.

तिने पाना उचलला, पाठीवर आडवी झाली आणि गाडीखाली सरकली. पहिल्या नटावर पाना बसल्याचा आवाज आला, मग दुसऱ्यावर. लहानपणापासून ती त्यांनी हात लावलेल्या गाड्या चालवत आली होती; त्यांनी आवळलेला नट तिने आजवर कधी तपासला नव्हता.

मिस्त्रींनी हात पुसले. मग टॉर्च घेतली, जमिनीवर गाल टेकला आणि तिला नीट दिसेल असा उजेड धरला.