बेचाळीसचा ट्रॅक्टर, पंचावन्नचा नांगर

बांधाशी वळण घ्यायला प्रभुदासने नांगर उचलला आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वीतभर वर गेली. स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच चालला. बाभळीला जाऊन भिडायच्या आत त्याने नांगर खाली सोडला, चाकं दणकन टेकली, आणि वजनासाठी पुढे बांधलेलं वाळूचं पोतं फाटून त्याच्या डोळ्यांदेखत रिकामं झालं.

प्रभुदासने इंजिन बंद करून एक शिवी हासडली. ती नेमकी कुणाला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ट्रॅक्टरला म्हणावी, तर तो बिचारा इतकी वर्षं इमानाने राबला होता. बेचाळीस हॉर्सपॉवरचा गडी, अंगाच्या मापाचं काम दिलं तर कधी कुरकुर नाही. नांगराला म्हणावी, तर तोही कोरा करकरीत, हायड्रॉलिकवर पलटी मारणारा, देखणा. फक्त तो पंचावन्नच्या ट्रॅक्टरसाठी बनवलेला होता. दुकानदाराने हे बजावून सांगितलं होतं आणि प्रभुदासने मान डोलावून नेमका तोच उचलला होता.

गेली दोन वर्षं रानात ऊसच उभा होता, तोवर ह्या नांगरावाचून भागलं. आता देवळाली प्रवरेच्या काळ्या रानात उसाचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटलेलं पीक, मोडायचा तर फाळ खोल गेला पाहिजे. खोल सोडला की इंजिनाला धाप लागे, मागची चाकं जागच्या जागी गरगरत आणि स्वतःसाठीच खड्डा खणत. वर घेतला की नांगर नुसती माती खरवडत जाई आणि उसाच्या खोडक्या दात विचकून तशाच उभ्या राहत. मे संपत आला होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांची रानं कधीच उलथून ढेकळं तापत पडली होती. एकट्या प्रभुदासचं वावर खरूज झाल्यासारखं दिसत होतं. पाऊस पडायच्या आत रान तापलं नाही तर यंदाची उसाची लागण हातची जाणार, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

त्याची बायको एलिझाबेथ भाकरी घेऊन आली, तेव्हा त्याने तिला आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जरा म्होरं बंपरवर बस बरं. तेवढंच वजन व्हईल."

"मी काय वाळूचं पोतं हाय का?" असं म्हणून ती बांधावर बसली आणि फडकं सोडू लागली. भाकरी त्याच्या हातात दिल्यावर मात्र तिने दोन वर्षं गिळलेलं एकदाचं बाहेर काढलं. "अवो, जावा की भावजींकडं. त्यांच्याकडचा जुना नांगर तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाचा हाय. ह्यो त्यांच्या ट्रॅक्टरच्या मापाचा. अख्ख्या गावाला कळतंय, तुमा दोघा भावांनाच कळंना."

प्रभुदास खाली मान घालून चावत राहिला.

धाकटा भाऊ सायमन पाटाच्या पलीकडे राहायचा. वडील गेल्यावर आई रंगुबाईने वाटणी केली, तेव्हा जमिनीचे दोन तुकडे सहज पडले. घरात ट्रॅक्टर मात्र एकच आणि नांगर एकच. दोन्ही विकून टाका, असं पंचांचं म्हणणं पडलं. म्हातारीने ते धुडकावलं. ट्रॅक्टर थोरल्याला दिला, नांगर धाकट्याला. निदान नांगरटीला तरी एकमेकांच्या दारात जाल, असं तिचं म्हणणं होतं. ती होती तोवर ते चाललंही. दर उन्हाळ्यात प्रभुदास ट्रॅक्टर घेऊन सायमनच्या अंगणात जायचा, नांगर जोडायचा आणि दोघांची रानं एका दमात उरकायचा.

ती गेली त्याच वर्षी प्रभुदासच्या वावरात फाळ दगडावर आदळून मोडला. त्याने तो बदलूनही दिला. पण त्या रविवारी चर्चच्या दारात, चार लोकांदेखत, सायमन बोलून गेला, "दुसऱ्याची वस्तू जपून वापरावी, दादा."

बाकी सगळं प्रभुदासने सोडून दिलं असतं. 'दुसऱ्याची' हा एक शब्द मात्र त्याच्या जिव्हारी लागला. पुढच्या हंगामात त्याने स्वतःचा नांगर घेतला, आणि घेतला तो सायमनच्या नांगराहून मोठा. ते ऐकून सायमनने ट्रॅक्टर घेतला, तो अर्थातच प्रभुदासच्या ट्रॅक्टरहून मोठा. आता दोघेही एकाच उपासनेला दोन टोकांच्या बाकांवर बसत आणि आपापल्या रानात आपापला हट्ट ओढत.

भाकरी संपली. प्रभुदासने हात धुतले, उरलंसुरलं वावर एकदा पाहिलं आणि ट्रॅक्टर सुरू केला. तोंड पाटाच्या दिशेला वळवलं. नांगर उचलताच पुढची चाकं पुन्हा तरंगायला लागली.

"भावजींकडं जायचं असंल, तर बसते," असं म्हणून एलिझाबेथ पदर खोचून बंपरवर चढली.

तशी ती वरात निघाली. पुढे एलिझाबेथ, मागे आभाळात उचललेला नांगर, मध्ये लाजेने लाल झालेला प्रभुदास. पाटाच्या पुलावर बसलेल्यांनी बोलणं थांबवलं. वाटेत तो मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. हा तू घे, तो मला दे. एवढंच. ह्यात पडतं घेण्यासारखं काही नाही, हा व्यवहार आहे, असं त्याने स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

सायमन छपराखाली ट्रॅक्टरला ग्रीस मारत होता. भावाला पाहून तो उठला आणि पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिला. त्याच्या ट्रॅक्टरच्या मागे काही जोडलेलं नव्हतं. प्रभुदासने अंगणभर नजर फिरवली आणि जुळवलेलं वाक्य राहूनच गेलं.

"नांगर कुठाय?"

"मोडला, दादा. औंदा जोडला, तर ह्या ट्रॅक्टरची वढ त्याला सोसंना. दोनदा वेल्डिंग केलं. मागल्या हप्त्यात मधली दांडीच तुटली." सायमनने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "भंगारात घातला."

वडिलांनी आणलेला नांगर. काम नसलं की आई त्याच्या दांडीवर बसून शेंगा फोडायची.

"मला आनून द्यायला काय झालं हुतं?"

"तू नवा घेतला हुता ना." सायमन खाली बघत बोलत होता. "तरी दोन उन्हाळं ह्या मोठ्या ट्रॅक्टरला जोडायचा न्हाई म्हनून भाड्यानं रान नांगरून घेतलं. तिथंच ठिवला हुता, भिताडाला. वाटलं, तू न्यायला येशील."

प्रभुदासला भयंकर राग आला, आणि तो सायमनचा नव्हता. दोन उन्हाळे तो ह्याच पाटाच्या कडेने जात-येत होता. मान वळवली असती तर भिंतीशी उभा नांगर दिसला असता. ती न वळवायला त्याला किती कष्ट पडले होते, ते त्यालाच माहीत.

भिंतीकडेला हरळी माजली होती. तिच्यात नांगराच्या आकाराची जागा मात्र उघडी, फिकट पडली होती. प्रभुदास परत ट्रॅक्टरवर चढला. मागे बघत, हळूहळू, त्याने नांगर बरोबर त्या जागेवर आणला आणि खाली टेकवला. मग उतरून पिना काढायला लागला. एक पिन अडकली होती. सायमन काही न विचारता हातोडा घेऊन आला आणि पलीकडून ठोकू लागला. पिन निघाली.

"मग तू कशानं नांगरशील?" सायमनने विचारलं.

"तू येशील की," प्रभुदास म्हणाला. "सोमवारी ये. रान तापाय पायजे."

एलिझाबेथ मडगार्डवर बसली आणि रिकामा ट्रॅक्टर अंगणातून बाहेर पडला. सायमन पिन हातात धरून भिंतीकडे बघत उभा राहिला. नवा नांगर त्या जागेत मावला नव्हता. त्याचा एक फाळ उघड्या मातीत टेकला होता आणि दुसरा हरळीत.